बिडाचा ठोकळा

अमडापुरात रंगराव मास्तरांचा लेथ म्हणजे चेष्टेचा विषय. रिटायर झाल्यावर माणूस नातवंडं खेळवतो, यांनी धातू कातायला टेबलावर मावेल एवढा लेथ आणला! त्यावर पितळ निमूट कापलं जाई, पण लोखंड लावलं की टूल थरथरायचं अन् अख्खी गल्ली किरकिरायची.

नेमका दसऱ्याच्या तोंडावर त्यांच्या बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, पिठाच्या गिरणीचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती लोखंडी नळी, झिजून गेला. दिवाळीची दळणं येऊन पडलेली. चिखलीचे वर्कशॉपवाले नारायणराव फोनवर हसले, "पंधरा दिवस लागतीन, मास्तर. नाई तं तुमच्या खेळण्यावर पाहा, होते का!" रंगरावांना ते झोंबलं. "बुश मीच करतो," असं ते बायकोपुढं बोलून बसले. आता माघार कशी घ्यायची?

थरथरीचं मूळ त्यांना सापडलं होतं. टूलच्या खालची सरकती पट्टीच लेचीपेची होती. ती काढून तिथं भरीव ठोकळा बसवायचा. वडिलांच्या विहिरीवरच्या इंजिनाचं फुटकं चाक घरी पडलं होतं, अस्सल बिडाचं, जड ओतीव लोखंडाचं. त्यातून ठोकळा कापला, चार दिवस कानशीनं घासून सपाट केला. खंडेनवमीला दरवर्षीच्या रिवाजानं सगळी हत्यारं रंगवली. ठोकळ्यालाही निळा ऑइलपेंट, हळदकुंकू, झेंडूचा हार!

दसऱ्याला सकाळीच मशीन सुरू केली. थरथर तशीच! मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मशीन बंद केली.

अन्नपूर्णाबाईंनी पुढं होऊन ठोकळा हलवून पाहिला. "अहो, हा तं डुगडुगून राह्यला. खालूनबी रंगवला काय?"

"हाव. काऊन?"

"काऊन म्हंता! गिरणीचा दगड बसवतानी मी खाली पिठाची चिमूटबी राहू देत नाई. तुमी तं रंगाचा थर ठेवला!"

रंगरावांनी कपाळावर हात मारला. खालचा रंग खरवडला, ठोकळा घट्ट आवळला. या वेळी टूल हूं की चूं न करता लोखंडात शिरलं. लांबच लांब कुरळी साल निघाली, अन् तयार बुश टपकन खाली पडला. मास्तर उभ्या जागी टाळ्या पिटायला लागले.

संध्याकाळी नारायणराव गावात सोनं वाटायला आले, तर गिरणी झोकात चाललेली. त्यांनी कान देऊन ऐकलं. "बुश कोनं केला?"

"मी," रंगराव छाती काढून म्हणाले. "ठोकळा माह्या बापाच्या इंजिनाचा, अन् अक्कल हिची."

नारायणरावांनी आपट्याची पानं आधी अन्नपूर्णाबाईंच्या हातावर ठेवली. जरा घुटमळले, मग हळूच म्हणाले, "वहिनी, माह्या वर्कशॉपातबी एक मशीन थरथरून राह्यली. येऊन पाह्यता काय?"