सुजाताताईंचा पिकअप आणि पाच नंबरचं तेल

मित्रांनो, अल कुसैसमध्ये वाळूच्या मोकळ्या पार्किंगात धुळीने माखलेला एक पांढरा पिकअप ट्रक उभा दिसला, तर तो मीच समजा. माझं वय एकोणीस वर्षं. येणारेजाणारे माझ्याकडे बघून म्हणतात, "ही अजून चालते?" चालते म्हणजे काय, झकास चालते! दुसरा गिअर टाकताना तेवढा मी जरा कुरकुरतो. त्या कुरकुरीचीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

माझी पहिली वर्षं अल ऐनजवळच्या एका खजुराच्या बागेत गेली. खताची पोती, पाण्याच्या टाक्या, कधी चार बकऱ्या, असं सगळं मी वाहिलं. तिथे कोणी मला वाईट वागवलं नाही. नवी गाडी आली आणि मी जुन्या गाड्यांच्या आवारात जाऊन पडलो, एवढंच.

तिथून मला सुजाताताईंनी उचललं. त्या बाल्कनीत बाग करून देत. दुबई मरीनाच्या उंच इमारतींमधल्या लोकांना मोगरा, तुळस, कढीलिंब पोचवायचा, तर गाडी हवीच. त्यांचे यजमान प्रल्हादराव जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत नोकरीला. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला होता.

"अगं, चांगली फॅमिली कार सोडून हे काय? लोक काय म्हणतील?"

"लोक येणारेत का कुंड्या उचलायला?" ताई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन मोकळ्या झाल्या.

मराठी मी त्यांच्याकडूनच शिकलो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की त्या पुढच्या गाड्यांना अशा अस्सल मराठीत झापायच्या की ऐकत राहावं. त्यांची मुलगी अस्मी आईबाबांच्या मध्ये बसून इंग्रजीत हसायची. सहा वर्षं माझ्या पाठीवर ओली माती आणि फुलांचा वास होता. याहून जास्त सुख गाडीला काय हवं असतं?

दरवर्षी ताई मला शेजारच्या गल्लीत ताहाच्या गॅरेजमध्ये न्यायच्या. ताहा पेशावरकडचा, त्याचा हात फार हलका. तो माझं गिअर ऑइल बदलेपर्यंत ताई उपड्या डब्यावर बसून चहा प्यायच्या आणि त्याला हजार प्रश्न विचारायच्या. तो त्यांना दीदी म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी सुजाताताई वारल्या. महिन्याभराच्या दुखण्यात सगळं आटोपलं. मला कोणी काही सांगितलं नाही. गाडीला कोण सांगतं? मी रोज त्यांची वाट बघत होतो. एका दुपारी अस्मी एकटीच आली, ताईंच्या जागेवर बसली, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली, तेव्हा मला कळलं.

मग मी नुसता उभा राहू लागलो. प्रल्हादराव कामावर मेट्रोने जात. शनिवारी येऊन इंजिन सुरू करत, दहा मिनिटं आत बसत आणि कुठेही न जाता निघून जात. तेही एकटे आणि मीही. पण दोन एकट्यांची सोबत होतेच असं नाही.

माझं तेल बदलायची वेळ आली. प्रल्हादरावांनी मला ताहाच्या गल्लीच्या तोंडाशी नेलं, इंडिकेटर लावला, थोडा वेळ थांबले, इंडिकेटर बंद केला आणि सरळ पुढे गेले. मला कारण माहीत होतं. ताहाने पहिला प्रश्न विचारला असता, दीदी कुठे आहेत? त्याचं उत्तर तोंडून काढणं त्यांना जमत नव्हतं.

ते मला एका अनोळखी दुकानात घेऊन गेले. तिथे दोन प्रकारचं तेल होतं, जीएल चार आणि जीएल पाच. प्रल्हादराव जन्मभर वरच्या तुकडीत बसलेले, मुलीलाही वरच्याच तुकडीत घालणारे. चारपेक्षा पाच वरचं, हा त्यांचा हिशेब. "एकशे वीस दिरहम, म्हणजे जवळजवळ पावणेतीन हजार रुपये," ते स्वतःशी पुटपुटले. "असू दे. तिची गाडी आहे." आणि गिअरबॉक्स, मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल, दोन्हीकडे तेच ओतायला लावलं.

मित्रांनो, पाच नंबरचं तेल वाईट नसतं. माझ्या डिफरन्शियलला तेच लागतं. पण माझ्या जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवणाऱ्या पितळेच्या रिंगा आहेत, आणि त्या तेलातलं औषध पितळ खातं. मला ओरडून सांगायचं होतं, "अहो, हे नको!" पण गाडीला कुठे वाचा असते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

वर्षभरात माझा दुसरा गिअर करकरू लागला. प्रल्हादरावांनी नवा क्लच बसवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! करकर काही थांबली नाही. ऑफिसातले शैलेंद्र म्हणाले, "खलास झाली ती. सुटे भाग विकणाऱ्याला देऊन टाक." रविवारी माणूस येऊन मला नेणार, असं ठरलं. नेणार आणि तोडणार.

शनिवारी माझ्या समोरच बापलेकीचं भांडण झालं.

"बाबा, इट्स आईज ट्रक! यू कान्ट जस्ट सेल इट!"

"अगं, तिचा आहे म्हणूनच सगळ्यात भारी तेल घातलं ना? आणखी काय करू मी?"

"डिड यू आस्क ताहा अंकल?"

प्रल्हादरावांनी किल्ली काढली. मग दार उघडून म्हणाले, "बस."

या वेळी इंडिकेटर लावल्यावर त्यांनी मला वळवलं.

ताहा हात पुसत बाहेर आला. "अरे, दीदी की गाडी! इतने दिन बाद! दीदी कहाँ हैं? इंडिया गई हैं?"

"पहले गाडी देखो," प्रल्हादराव घाईने म्हणाले. "दूसरा गिअर आवाज करता है."

ताहाने नेहमीप्रमाणे आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सैल केला. तो बोल्ट अडकला आणि खालून तेल आधीच काढून टाकलेलं असलं, तर गाडी रिकाम्या पोटी तिथेच बसते. मग त्याने खालचा बोल्ट काढला. तेल पसरट भांड्यात उतरलं आणि उन्हात चमचमलं.

"बाबा, लुक! गोल्ड!" अस्मी म्हणाली.

"सोना नहीं बेटा, पीतल है. रिंग घिस रही है." ताहाने तेलाचं बोट नाकाशी नेलं आणि तो चिडलाच. "ये पाँच नंबर यहाँ किसने डाला? दीदी होतीं तो डालने देतीं? लगाओ दीदी को फोन! आपको डाँट खिलवाता हूँ."

त्याने खरोखरच हात पुढे केला. प्रल्हादरावांनी खिशातून फोन काढला, आणि तो हातातच राहिला.

"ताहाभाई," ते म्हणाले, "सुजाता नहीं रही. दो साल हो गए. मैं बताने आ नहीं सका."

ताहा माझ्या चाकाशी खालीच बसला. तेल ठिबकत होतं. तो म्हणाला, "मैं समझा, दीदी मुझसे नाराज हैं. किसी और गॅरेज में जाने लगीं."

प्रल्हादराव त्याच्या शेजारी, इस्त्रीच्या पँटनिशी, जमिनीवर बसले आणि रडले. अस्मीने दोघांसाठी चहा आणला.

ताहाने माझ्या गिअरबॉक्समध्ये चार नंबरचं तेल भरलं. "जो घिस गया वो वापस नहीं आएगा," त्याने सांगितलं. "लेकिन चलेगी, इन्शाल्ला. दूसरे गिअर पे जरा रुकना." प्रल्हादरावांनी तिथूनच त्या रविवारच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मित्रांनो, माझी आबाळ कोणी हेळसांडीने केली नाही. प्रेमानेच केली. एक प्रश्न टाळायचा म्हणून माझ्या माहितगाराला टाळलं, आणि दोन माणसं दोन वर्षं उगाच झुरली. कोणाची काळजी घ्यायची तर भारीतलं काही ओतून भागत नाही, त्याला काय मानवतं ते विचारावं लागतं.

आजही बहुतेक दिवस मी एकटाच उभा असतो. ताई काही येणार नाहीत. पण शुक्रवारी नमाजाहून परतताना ताहा वाट वाकडी करून येतो, माझ्या तापलेल्या बॉनेटवर हलकेच थाप मारतो आणि विचारतो, "क्यों, ठीक है ना?" मला उत्तर देता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तरी तो विचारतो. मित्रांनो, तुम्हीही विचारत जा.