मिनिटाला एकशेदहा

मी पिशव्या पाडते. कारखान्यात माझं काम तेवढंच आहे आणि सोळा वर्षं मी तेच करते आहे. द्रव साबणाची पिशवी भरायची, तोंड बंद करायचं, छातीच्या उंचीवरच्या फळीवर ठेवायची आणि कळ दाबायची. फळी दुभंगते, पिशवी खालच्या लोखंडी पत्र्यावर आपटते. एका पिशवीला दहा वेळा. नाही फुटली तर पास. फुटली तर कितव्या वेळी फुटली ते कागदावर लिहायचं आणि पत्रा पुसायचा.

नोकरी लागली तेव्हा नवरा म्हणाला होता, "पाडायचा पगार देतात? घरी तर फुकट पाडतेस." हसू दे. पिशवी बाजारात टिकली तर माझी आठवण कुणालाही येत नाही. गळली की मात्र सगळे माझा कागद शोधत येतात.

नवी पिशवी आली तेव्हा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. जुनी पिशवी म्हणजे दोन प्लास्टिकांचं लग्न, तेही घटस्फोटाची सोय न ठेवता लावलेलं. वर कडक पॉलिस्टरचा पापुद्रा, आत मऊ पॉलिथिन. एकदा चिकटली की ब्रह्मदेवालाही सुटायची नाहीत, म्हणून वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. माझ्या खिडकीतून मागचं आवार दिसतं. भंगारवाला तिथून पुठ्ठा नेतो, पत्रा नेतो, तुटकी खुर्चीसुद्धा नेतो. आमच्या पिशव्यांच्या ढिगाकडे मान वळवत नाही. नवी पिशवी सगळी एकाच प्लास्टिकची होती. वितळवा, पुन्हा करा. म्हणून तिच्यावर हिरवं पान छापलं होतं.

आणि त्या पानावर माझी एक खोली अडकली होती.

आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत धाकटा दीर, जाऊ आणि त्यांची पोर. बाहेर स्वयंपाकाच्या ओट्याशी अंथरूण टाकून मी आणि नवरा. सहा वर्षं. दीर, म्हणजे आमचे भाऊजी, याच कारखान्यात पिशव्या जोडायच्या मशीनवर आहेत, पण तात्पुरते. तात्पुरत्या माणसाला कुणी घर भाड्यानं देत नाही. नवी लाइन सुरू झाली की त्यांना कायम केल्याचं पत्र मिळणार होतं. पत्र मिळालं की ते वेगळं घर बघणार होते आणि मला दार लावता येणारी खोली मिळणार होती. नवी लाइन सुरू व्हायला एकच कागद हवा होता. माझा.

आणि पिशवी चौथ्या वेळेला फुटत होती. दर वेळी खालच्या डाव्या कोपऱ्यात.

आमच्या दर्जा विभागाच्या साहेबांना सगळे टक्केसाहेब म्हणतात. टक्के खातात म्हणून नव्हे, टक्क्यांत बोलतात म्हणून. घरी बायकोलाही भूक किती टक्के लागली विचारत असतील. गुरुवारी देशभरातल्या वेष्टण कारखानदारांची परिषद होती आणि दुपारी पाहुणे आमची नवी लाइन बघायला येणार होते. साहेबांचं भाषण केव्हाच लिहून झालं होतं. त्यातलं एक वाक्य तर पहारेकऱ्यालाही पाठ होतं: आम्ही दरसाल बारा टक्क्यांनी वाढतो आणि पृथ्वीला शून्य टक्के त्रास देतो.

साहेबांनी साबणानं माखलेला पत्रा पाहिला. "बाई, जरा हळू टाका की."

"मी टाकत नाही साहेब, सोडते. पडते ती आपली आपण."

"गिऱ्हाईक काय इतक्या उंचावरून पाडणार आहे?"

"वस्तू गिऱ्हाइकाला विचारून पडत नाही."

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर रबराची जाड चटई अंथरलेली. "तुमच्याच सुरक्षेसाठी," साहेब म्हणाले. "साबणावरून पाय घसरतो." मी चटई उचलली आणि माझ्या पायांखाली घातली. म्हटलं, झाली सुरक्षा. पिशवी पुन्हा चौथ्याला फुटली.

सोमवारी दुपारच्या खेपेतल्या वीस पिशव्या आल्या आणि एकही फुटली नाही. मी फळीची उंची टेप लावून मोजली. बरोबर होती. पत्राही तोच. मग मी सरळ मशीनवर गेले. भाऊजी डोकं आत घालून काहीतरी घट्ट करत होते.

"भाऊजी, दुपारी काय केलंत?"

"काय झालं वहिनी? फुटल्या?"

"नाही फुटल्या. म्हणून तर विचारते."

"काही नाही हो. पट्टा सरकत होता, म्हणून मिनिटाला साठवर चालवली. नवा पट्टा बसला की परत एकशेदहा. कुणाला बोलू नका, आधीच बोंब आहे."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मशीनचे गरम जबडे पिशवीच्या कडा दाबून जोडतात. जुन्या पिशवीचा पॉलिस्टर उष्णता सोसायचा, म्हणून जबडे कडक तापवले तरी चालायचं. एक चावा की काम झालं. नवी सगळी मऊ. जास्त तापवलं तर जबड्यालाच चिकटते. म्हणून जबडे कोमट ठेवायचे आणि कोमट जबड्याला वेळ द्यायचा. इस्त्री कमी तापली असेल तर कापडावर जास्त वेळ ठेवावी लागते, एवढी साधी गोष्ट. मिनिटाला साठ पिशव्यांना तो वेळ मिळत होता. एकशेदहाला मिळत नव्हता.

मी शेऱ्यात गती लिहिली आणि कागद घेऊन जवळजवळ पळतच साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, पिशवी चांगली आहे! साठवर चालवा, दहाच्या दहा वेळा टिकते."

साहेब आधी हसले. मग त्यांनी गणकयंत्र ओढलं. "साठ म्हणजे पंचेचाळीस टक्के घट, बाई. परिषद वाढीची आहे. तिथं उभा राहून काय सांगू, आम्ही हळू झालो?"

"सांगा की. पृथ्वीसाठी करतोय ना?"

"तुमच्या अहवालात मशीनची गती लिहायचा रकाना आहे का?"

"नाही. मी शेऱ्यात लिहिली आहे."

"रकाना नाही तर कशाला लिहायची? दुपारच्या पिशव्या पास झाल्या, हे खरं ना?"

"खरं."

"मग तेवढं खरं लिहा. उरलेलं खरं तुमच्या खात्यातलं नाही."

माझं डोकं तापलं. "साहेब, मी जे बघते तेच लिहिते. साठवर पास, एकशेदहावर चौथ्याला नापास. मी दोन्ही बघितलंय, दोन्ही लिहिणार."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. बोटाच्या टोकानं, माशी बसल्यासारखा.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. संध्याकाळी भाऊजी ताटावर बसले होते पण जेवत नव्हते. जाऊबाई भांडी अशी ठेवत होत्या की प्रत्येक भांडं मला शिव्या देत होतं.

"वहिनी, सहा वर्षं झाली," भाऊजी म्हणाले.

"मला सांगता? ओट्याशी मी झोपते सहा वर्षं. तुम्ही नाही."

"मग सही करा ना!"

"आणि दुकानात पिशव्या गळल्या की? तेव्हा मशीनवर कोण उभं असेल? साहेब?"

जाऊबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. "तोवर पत्र तर हातात असेल. कायम माणसाला इतक्या सहज काढत नाहीत, वहिनी."

ते खरं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवरा म्हणाला, "पाडायची सवय लागली आहे हिला. आता घर पाडायला निघाली."

मी ताट उचललं. धुतलं. सही केली नाही.

बुधवारी सकाळी पिशव्यांच्या प्लास्टिक फिल्मचा नवा रोल आला. साहेब स्वतः मशीनजवळ उभे. भाऊजींनी मशीन एकशेदहावर घेतली. वीस पिशव्या माझ्याकडे आल्या. मी पाडल्या. पहिली, दुसरी, पाचवी. एकही फुटेना. एक तर मी पंधरा वेळा पाडली, हट्टानं. काचेपलीकडे भाऊजी उभे होते. फुटत नाही अशी मी मान हलवली तसे ते तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. माझाही जीव भांड्यात पडला. वाटलं, कुणीतरी अक्कल वापरली. कुणीतरी प्लास्टिक सुधारलं.

चाचणी झाली की मी पिशवी कापून साबण पिंपात ओतते. कडेला चीर द्यायची आणि फाडायची. नवी पिशवी कधी नीट फाटत नसे. ताणली जायची, लांबायची, पांढरी पडायची, माझी बोटं दुखायची. ही एका झटक्यात सरळ फाटली. चर्रकन.

तो आवाज मी सोळा वर्षं ऐकला आहे. मी नखानं कड उचकटली. वरचा कडक पापुद्रा परत आला होता. पान जागच्या जागी होतं, हिरवंगार.

"साहेब, ही जुनी पिशवी आहे."

"नवीच आहे. वर फक्त बारीक थर दिला. एकूण जाडीच्या दहा टक्के."

"मग ही वितळवून वापरता येणार नाही. पान कशाचं छापलंत?"

"पान डिझाइनवाल्यांचं. तुम्ही पिशवी पाडलीत?"

"पाडली."

"फुटली?"

"नाही."

"मग लिहा. तुम्ही जे बघता तेच लिहिता ना, बाई?"

माझ्याच काठीनं मला हाणलं. आणि वर मारणारा हसतसुद्धा नव्हता, घाईत होता.

मी लिहिलं. वीसपैकी वीस पास. ते खरं होतं. खाली शेऱ्यात लिहिलं: फाडल्यावर जुन्या पिशवीसारखी फाटते. वर पॉलिस्टर आहे. पान छापू नये. आणि सही केली.

गुरुवारी माझा अहवाल चौकटीत घालून मशीनजवळ उभा केला होता. नव्यानं टाइप केलेला. खाली माझी सही, हुबेहूब. शेरा: काही नाही.

पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईंनी चौकट वाचली आणि मला बोलावलं. "ही चाचणी तुम्ही केलीत? खरंच फुटत नाही?"

"फुटत नाही," मी म्हटलं. "पण बाई, ही पिशवी पुन्हा..."

तेवढ्यात मशीन सुरू झाली. एकशेदहावर. त्या आवाजात माझं तोंड हललेलं त्यांना दिसलं असेल. त्या हसल्या, मान डोलावली आणि पुढे गेल्या. मशीनची कळ भाऊजींच्या हाताखाली होती. साहेबांनी खूण केली म्हणून त्यांनी ती दाबली की आपण होऊन, हे मी अजून विचारलेलं नाही. तेही सांगत नाहीत.

भाऊजींना कायम केल्याचं पत्र आलं. पंधरा दिवसांत त्यांनी घर बघितलं. सामान हलवलं त्या दिवशी भाऊजी दारातून परत आले आणि त्यांनी माझ्या हातात साबणाची पिशवी ठेवली. "नव्या लाइनची पहिली, वहिनी. तुमच्यासाठी ठेवली होती." खाली मान घालूनच ते जिना उतरले. मागच्या आवारातल्या ढिगात आता हिरवी पानं दिसतात. भंगारवाला अजूनही मान वळवत नाही.

मी आतल्या खोलीत गेले. रिकामी खोली, मला हवी होती तशी. दार लावलं. पिशवी छातीशी धरली आणि सोडून दिली.

नाही फुटली.

उचलली, सोडली. पुन्हा. पुन्हा. सातव्या वेळेला नवऱ्यानं बाहेरून विचारलं, "अगं, काय पाडतेस?"

"काही नाही."

"फुटलं का काही?"

"नाही फुटत," मी म्हटलं आणि वाकून पिशवी उचलली.