माझ्या पोटाखालची ओळ

मी एक जुना चुंबक आहे. मित्रांनो, आपली पृथ्वी हीच एक प्रचंड चुंबक आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. तिच्या जोरावर जहाजे दिशा ओळखतात आणि पाखरे हजारो मैल उडून घरी परततात. अशा थोर घराण्यात माझा जन्म झाला. मी फ्रीजच्या दारावर असतो.

माझा आकार ट्राउट माशाचा आहे. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या काठी रेनो लाहटी याचे गळ आणि गांडुळे विकायचे दुकान आहे. जाहिरातीसाठी त्याने माझ्यासारखे पाचशे मासे बनवून घेतले. आमच्या पाठीवर दुकानाचा फोन नंबर छापताना एक आकडा चुकला आणि लोक दाताच्या डॉक्टरकडे गांडुळे मागू लागले. आमचे जाहिरातीतले आयुष्य तिथेच आटोपले. रेनोने मला आपल्या थोरल्या बहिणीच्या फ्रीजवर आणून चिकटवले.

ही बहीण म्हणजे लॉरेन. गावातल्या किराणा दुकानात ती दूध-दह्याचा विभाग सांभाळते. रोज सकाळी डब्याडब्यावरची तारीख बघायची आणि मुदत संपलेला माल काढायचा, हे काम ती बावीस वर्षे करते आहे. घरी आल्यावरही तिचा हात थांबत नाही.

"ताई, मोहरीच्या सॉसची बाटली कुठंय?" रेनो दार उघडून विचारतो.

"काल मुदत संपली. टाकली."

"अगं, मोहरीला काय होतंय! ती माझ्याआधी जायची नाही."

"तुझ्यावर तारीख छापलेली नाही, म्हणून तू अजून या घरात येतोस."

लॉरेनची मुलगी कायसा. तिला डॉक्टर व्हायचे होते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, तिने मेडिकलची प्रवेशपरीक्षा दिली आणि तिला पाचशे अठ्ठावीसपैकी पाचशे चौदा गुण मिळाले. लॉरेनने वेलदोड्याचा पाव भाजला. रेनोने मामाच्या हक्काने सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवला आणि तासभर स्वतःच आत बसून राहिला. कायसाने मनात धरलेल्या मेडिकल कॉलेजचे नियम छापून आणले आणि तो कागद माझ्याखाली लावला.

मित्रांनो, माझे दुःख इथून सुरू होते. तिने मला बरोबर कागदाच्या मध्यावर दाबले. माझ्या शेपटीजवळ "प्रवेशपरीक्षेचे गुण" एवढे शब्द दिसत होते. पुढचे माझ्या पोटाखाली गेले. ते असे होते : "तीन वर्षांहून जुने असल्यास चालणार नाहीत."

ती ओळ मला पाठ होती. घरात आणखी कोणालाही नव्हती.

अर्ज मेच्या शेवटी सुरू होतात. जसे अर्ज येतात तशा जागा भरत जातात, तेव्हा पहिल्या आठवड्यात पाठवलेला बरा. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, रेनोलासुद्धा. परीक्षेनंतरचा पहिला मे महिना आला.

"यंदा नको," कायसा म्हणाली. "माझे दवाखान्यातल्या सेवेचे फक्त नव्वद तास झालेत. दोनशे झाले की अर्ज भक्कम होईल."

"तुला डॉक्टर व्हायचंय की घड्याळ?" रेनो म्हणाला. पण लॉरेनला पटले. मी माझ्या जागी चिकटून राहिलो. दुसरे काही मला येत नाही.

दुसऱ्या मेमध्ये निबंध आडवा आला. डॉक्टर का व्हायचे, हे एका पानात लिहायचे होते. कायसाने निबंधाच्या सुरुवातीला आजोबांना बर्फावर मासे पकडायला बसवले, मग उठवले, मग पुन्हा बसवले. ऑगस्टमध्ये ती म्हणाली, "आता उशीर झाला. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी पाठवते." आजोबा बर्फावरच राहिले. तिसऱ्या मेमध्ये शिफारसपत्र देणाऱ्या बाई वर्षभराच्या रजेवर नॉर्वेला गेल्या.

"दुसऱ्या कोणाकडून घे की पत्र," रेनो म्हणाला.

"मामा, त्या मला सगळ्यात चांगलं ओळखतात."

"मी तुला जन्मापासून ओळखतो. देऊ का लिहून?"

या तीन वर्षांत त्या फ्रीजमधून किती दही गेले, किती लोणी गेले! एक दिवस उलटला की लॉरेन डबा उघडून हुंगायची आणि फेकायची. मी बाहेर ओरडत होतो : बाई, आतले सोडा, दारावर बघा! पण चुंबकाचे ओरडणे लोखंडालाच ऐकू जाते, आणि लोखंड उत्तर देत नाही.

चौथा मे आला. तास पुरे झाले होते, निबंध झाला होता, नॉर्वेच्या बाई परतल्या होत्या. शेवटचे एकदा सगळे ताडून बघावे म्हणून लॉरेनने मला उचलले आणि कागद हातात घेतला. तिची नजर वाचायच्या आधी मुदत शोधते.

"कायसा, परीक्षा कधी दिली होतीस?"

"एप्रिलमध्ये."

"कुठल्या?"

कायसाने बोटे मोजली. तीन वर्षे आणि पाच आठवडे झाले होते.

"अर्ध्या किमतीची पट्टी लावून खपेल का?" रेनोने विचारले. कोणी हसले नाही. मग तोही वरमून म्हणाला, "कॉलेजला फोन तरी कर, पोरी. पाच आठवड्यांनी काय होतंय?"

"छापलेलं आहे," लॉरेन म्हणाली. "दुकानातही गिऱ्हाईक हेच म्हणतं, जरा विचारून बघा ना. तारीख म्हणजे तारीख."

कायसा रडली नाही. तिने कागद नाकाशी नेला आणि आईसारखा हुंगला. मग फोन उचलला. तो कॉलेजला नव्हता. परीक्षेचे सगळ्यात जवळचे केंद्र चार तासांवर होते आणि जागा सप्टेंबरमध्ये होती. म्हणजे हेही वर्ष गेले. उन्हाळाभर ती त्याच जुन्या पुस्तकांशी झगडत टेबलाशी बसली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. रागाने पाहिले असते तरी चालले असते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कागद लावायचा तर चुंबक कोपऱ्यावर लावा, मजकुरावर लावू नका. आणि जे तयार आहे, ते आणखी तयार करत बसू नका. आम्ही नुसते धरून ठेवतो. पुढे पाठवणे तुमच्या हातात असते.

या मेमध्ये कायसाने पहिल्याच दिवशी अर्ज पाठवला. त्याआधी तिने कॉलेजचे नियम नव्याने छापून आणले. जुना कागद चार वर्षांचा झाला होता, आणि त्याची तारीख कोणीच पाहिली नव्हती. यावेळी तिने मला कोपऱ्यावर लावले, त्यामुळे ती ओळ सगळ्यांना वाचता येते. गुण आता पाच वर्षे चालतात. हा नियम गेल्या वर्षीच लागू झाला.

दुसऱ्या परीक्षेत कायसाला एक गुण कमी मिळाला.