सव्वीस पानं

“दामले, तुमच्या माणसांनी काय घातलं हिला?”

फोनवर गोठ्याचे मालक मुत्तय्या होते. सोमवार, सकाळचे सव्वादहा. सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात, नवव्या मजल्यावर, चंद्रशेखर दामले व्हिएतनामहून आलेल्या दोन पाहुण्यांना पडद्यावर गाईच्या पोटाचं चित्र समजावून सांगत होते. चित्राखाली त्यांचं लाडकं वाक्य होतं: कुठलंही नवं खाद्य चौदा दिवसांत, मुठीमुठीनं वाढवा.

“कुणाला?”

“पोट्टूला. सकाळी धारेला उठलीच नाही. डावी कूस फुगलीय. शेण नाही, नुसतं पाणी. आणि वास असा, की ताक सडलंय. डॉक्टर यायला निघालीय. तुम्ही पण या.”

दामले पडद्याकडे बघत राहिले. त्या आंबट वासाबद्दल त्यांनी आजवर चाळीसएक अहवाल लिहिले होते. वास मात्र कधी घेतला नव्हता.

ते गुरांच्या खाद्याच्या कंपनीत होते. कुठल्या गाईला किती हिरवा चारा, किती वाळला, किती मका आणि किती पेंड, याचं कोष्टक मांडायचं हे काम. चार हजार गाईंचा गोठा त्यांच्या कॉम्प्युटरवर एका पानात बसायचा. सिंगापूरच्या मराठी मंडळींत निम्मे बँकेत आणि उरलेले आयटीत. त्यांना हा धंदा समजावून सांगताना दामल्यांची दमछाक व्हायची. घराच्या वरच्या मजल्यावरच्या शिरीषनं, तो बँकवाला, ते काम सोपं करून टाकलं होतं. कुणाशीही ओळख करून देताना तो म्हणायचा, “आणि हे आमचे गायवाले.” अठरा वर्षं दामले त्यावर हसत आले होते. हसू दातांच्या आत कधी गेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग या वर्षीचा, म्हणजे २००६ सालचा, पितृपक्ष आला.

परदेशात श्राद्धाचं सगळं जमतं. भटजी मिळतो, दर्भ मिळतो, कावळ्यांना तर बोलवावंही लागत नाही. अडतं ते गाईच्या पानापाशी. सेरंगूनच्या आठव्या मजल्यावर गाय कुठून आणायची? दामल्यांकडे ते पान दरवर्षी कचरा टाकायच्या नळकांड्यातून आठ मजले खाली जायचं, आणि साधनाबाई झाकण लावून, हात जोडून सासू-सासऱ्यांची माफी मागायच्या. यंदा बोलता बोलता दामल्यांच्या तोंडून निघून गेलं, की शहराबाहेर लिम चू कांग भागात एका गोठ्यात सहा गाई आहेत, मालकाला कंपनीचा तक्ता द्यायला आपण एकदा गेलो होतो.

“अहो, म्हणजे इतकी वर्षं गाय होती?” साधनाबाईंनी कणकेचे हात तसेच धरून विचारलं. “आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“तू विचारलं नाहीस.”

दोन दिवसांत सव्वीस घरांची यादी झाली. तिथी प्रत्येकाच्या वेगळ्या, पण सगळ्यांचे वाडवडील समजूतदारपणे रविवारी यायला तयार झाले. एक बस ठरली. मुत्तय्यांना फोन करायचं काम अर्थातच गायवाल्यांकडे आलं.

मुत्तय्या आधी तयार नव्हते. “माझ्या गाई गवतावरच्या आहेत हो. कापून घालतो, थोडी पेंड देतो, संपलं. आणि रविवारी माझ्या भाचीचा साखरपुडा. मी नसणार.” मग जरा थांबून म्हणाले, “पण तुम्ही खाद्यातले माणूस. किती घालायचं ते तुम्ही बघाल ना?”

“मी आहे ना,” दामले म्हणाले होते.

सोमवारी फोन ठेवून खाली आल्यावर, टॅक्सी मिळेपर्यंत, ते बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरले आणि गाईच्या पोटातलं आम्ल मारायला खायच्या सोड्याचा अख्खा कप्पा त्यांनी रिकामा केला. गल्ल्यावरच्या चिनी आंटीनं डबे मोजता मोजता विचारलं, “वाह्, सो मेनी केक आ?” दामल्यांनी मान हलवली. टॅक्सीत मांडीवर डबे घेऊन बसल्यावर त्यांना कालचा रविवार एकेका माणसासकट दिसायला लागला.

गोठ्याच्या कठड्यापाशी सहा गाई होत्या. जरीच्या साड्या आणि कॅमेरे बघून पाच मागे सरल्या. सहावी, बुटकी, तांबडी, तिथंच उभी राहिली, आणि तिच्या कपाळावर अंगठ्याएवढा पांढरा ठिपका होता. पोट्टू म्हणजे तमिळमध्ये टिकली. झालं. “अगंबाई, टिळा बघ हिला!” असं कुणीतरी म्हणालं आणि सव्वीसच्या सव्वीस घरांना हीच गाय हवी झाली. मागे सरलेल्या पाचांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

रांग लागली. दामले रांगेच्या तोंडाशी उभे. “हात सपाट ठेवा. बोटं आत. हं, आता पुढचे या.” आयुष्यात पहिल्यांदा बँकवाले त्यांच्या सांगण्यावरून हात वर-खाली करत होते. शिरीष पान पुढे करत म्हणाला, “चंदू, लेका, आज तू आमचा भटजी.” या वेळी हसू अगदी आतपर्यंत गेलं.

मैत्रेयीनं, त्यांच्या सेकंडरीत शिकणाऱ्या लेकीनं, मध्येच विचारलं होतं, “बाबा, काऊज ईट ग्रास लाह. व्हाय लाडू?”

“वर्षातून एकदा, गं.”

साधनाबाईंनीही आपलं पान पुढे करण्याआधी विचारलं, “अहो, बाधणार नाही ना हिला?”

“एवढ्याशानं काय होतंय.”

आणि खरंच, एवढंसंच होतं. भाताची मूद, दोन वडे, खीर, लाडू, द्रोणात वरण. त्यांनी दर वेळी समोरच्या हातातलं पान बघितलं. मागची रांग बघितली नाही. ज्या माणसानं चार हजार गाईंची बेरीज कधी चुकवली नाही, त्यानं एका गाईची केलीच नाही.

ती आता टॅक्सीत झाली. पान साधारण किलोभराचं, म्हणजे सव्वीस किलो. वर शिरीषच्या बायकोनं आणलेल्या गुळाच्या किलोकिलोच्या दोन ढेपी. पाणी वजा केलं तरी दहा-अकरा किलो कोरडा माल राहतो. नुसत्या गवतावर वाढलेल्या साडेतीनशे किलोच्या गाईला, एका सकाळीत. हा आकडा त्यांच्या सगळ्या तक्त्यांत लाल रंगात असतो.

गोठ्यात पोट्टू पाय मुडपून पडली होती, मान कुशीकडे वळवून. डोळे खोल गेलेले. वास दारापासूनच आला. अहवालात लिहिलेला तोच, फक्त अहवालातून तो घशात उतरत नव्हता.

डॉक्टर म्हणजे एक तरुण चिनी मुलगी, गुडघ्यापर्यंत बूट, गाईच्या तोंडातून नळी घालत होती. न बघताच तिनं इंग्रजीत विचारलं, “काय खाल्लं? किती? मला नक्की सांगा.”

मुत्तय्यांनी खांदे उडवले. “मी नव्हतो. हे होते.”

दामल्यांना वाटलं, थोडंसं प्रसादासारखं, म्हणून टाकावं. कोण मोजायला येणार आहे? मग त्यांची नजर पत्र्याच्या भिंतीवर गेली. तिथं त्यांनीच दिलेला कंपनीचा तक्ता चिकटवलेला होता. तिसऱ्या ओळीत मुठीमुठीनं वाढवा, आणि खाली कोपऱ्यात त्यांचा हसरा फोटो.

“सव्वीस किलो,” ते म्हणाले. “शिजवलेला भात, तळलेलं, गोड. शिवाय दोन किलो गूळ. दोन तासांत. सगळं हिलाच. मी समोर उभा होतो.”

डॉक्टरनं आता वर बघितलं. “आणि तुम्ही कोण?”

“मी गुरांचा आहार ठरवतो. तेच माझं काम आहे.”

तिनं त्यांच्या हातातला सोड्याचा डबा तेवढा घेतला.

दुपारभर त्यांनी बादल्या भरून दिल्या, सोडा कालवला, सलाइनची बाटली उंच धरली. दंड भरून आले. धारेच्या वेळेला, चारच्या सुमारास, बाकीच्या पाच हंबरायला लागल्या. पोट्टूनं त्या आवाजाकडे कान वळवला. एकच. मग तो कान तसाच राहिला.

मुत्तय्यांनी तिच्या गळ्यातली दोरी सोडली, गुंडाळली आणि सहाव्या खुंट्याला अडकवली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं दामल्यांना वाटत होतं.

“आमच्यातही अमावास्येला गाईला घालतात,” मुत्तय्या हात धूत म्हणाले. “अगत्तीचा पाला. एक जुडी. तुमच्या वाडवडिलांना एवढी भूक का लागते हो?”

टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं.

संध्याकाळी लिफ्टपाशी शिरीष भेटला. ऐकून त्याचा चेहरा पडला, पण क्षणभरच. “आम्ही तर एकच पान दिलं रे,” तो म्हणाला. मग दामल्यांच्या खांद्यावर हात ठेवून, “आणि चंदू, पितृपक्षात गेली. सुटली बिचारी.”

दामल्यांनी तो हात खांद्यावरून उचलला आणि खाली सोडला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते हसले नाहीत. दोन दिवसांत आणखी नऊ फोन आले. प्रत्येकाचं पान एकच होतं.

साधनाबाईंनी तसं म्हटलं नाही. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. नळ नुसता वाहत होता.

“मी जास्तीचे लाडू दिले होते,” त्या म्हणाल्या. “तिला आवडले म्हणून. सात.” मग नळ बंद करून म्हणाल्या, “मी विचारलं होतं हो तुम्हाला.”

“विचारलं होतंस.”

शुक्रवारी सर्वपित्री अमावास्या होती. दामल्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि टेक्काच्या देशी भाजीबाजारात जाऊन अगत्ती मागितली. भाजीवालीनं जुडी पुढे केली तेव्हा ते बघतच राहिले. हा तर हादगा. आई याच्या फुलांची भाजी करायची. अठरा वर्षं या बाजारात येऊन ही जुडी त्यांना दिसली नव्हती.

गोठ्यात मुत्तय्या गवत तोडत होते. दामले कठड्याबाहेरच थांबले.

“घालू का?”

मुत्तय्यांनी कोयता खाली ठेवला, जुडी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मग तिचे दोन भाग केले. अर्धा स्वतःकडे ठेवला, अर्धा दामल्यांच्या हातात दिला.

“एवढी.”

दामल्यांनी हात सपाट धरून पुढे केला. पाचही गाई मागे सरल्या. सहाव्या खुंट्यावर दोरी तशीच होती.

“हातातून नाही घेणार आता,” मुत्तय्या म्हणाले. “खाली ठेवा. आणि तुम्ही मागे व्हा.”

दामल्यांनी पाला गव्हाणीत ठेवला. एक पाऊल मागे घेतलं. गाई हलल्या नाहीत. त्यांनी आणखी एक घेतलं, मग आणखी एक. पाठ पत्र्याच्या भिंतीला, नेमकी त्या तक्त्याला टेकली, तेव्हा पाचांतली एक पुढे आली आणि तिनं मान खाली घातली.