ट्रकवाल्याची ग्वारानी

नववीचा ग्वारानीचा, म्हणजे घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा, तास काढून इंग्रजीला द्यायचा, असा घाट अनास्तासियो ओवेलार या ट्रकवाल्याने घातला होता. आज पालकांनी हात वर केले की तेओदोलिना बाईंचा विषय शाळेतून जाणार होता. बाई मात्र वर्गात निवांत बसून शिंगाच्या पेल्यात गार पाणी ओतत होत्या. तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यातल्या कडू पानांच्या पेयाचा, पेला हातोहात फिरत होता. पेला परत देताना जो ‘आभार’ म्हणेल तो फेरीतून बाद, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

अनास्तासियो इस्त्रीचा शर्ट घालून उठला आणि स्पॅनिशमध्ये सुरू झाला. “आदरणीय पालकहो, आपल्या पाल्यांच्या उज्ज्वल भवितव्याच्या दृष्टीने... दृष्टीने...” गाडी तिथेच रुतली.

“अहो, इथं कुणी साहेब आलेला नाही,” बाई म्हणाल्या. “घरी बोलता तसं बोला.” आणि त्यांनी नववीतल्या त्याच्या मुलीच्या, निल्दाच्या हातात खडू दिला, वडील बोलतील ते फळ्यावर लिहायला.

मग काय विचारता! अनास्तासियो ग्वारानीत सुसाट सुटला. “पोर घरात हेच बोलती की! आईच्या दुधासंगं आलंय, ते शाळंत काय शिकवायचं? राजधानीच्या दवाखान्यात मला स्पॅनिश येईना, तर कारकुनानं मुकं जनावर समजून ताटकळत ठिवलं. आता तर तिथं इंग्रजीबी मागत्यात. माझ्या पोरीचं तसं व्हायला नको.”

बाईंना वाईट वाटलं. माणूस खोटं बोलत नव्हता.

निल्दाने फळ्यावर लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचलं, मुक्या जनावरासकट. आधी पालक हसले, मग पुढे सरकून फळा बघू लागले.

“हे मी बोललो?” अनास्तासियोने विचारलं.

“तुम्हीच, पप्पा.”

“आन् हे असं लिवता येतं?”

“बाईंनी शिकवलं म्हणून येतं.”

“इंग्रजी मी शाळा सुटल्यावर घ्यायला लावते,” बाई म्हणाल्या. “पण तुमचं बोलणं लिहून ठेवणारं घरात कुणी असू दे.”

मुख्याध्यापक घाईत होते. “तास काढायचा असेल त्यांनी हात वर करा.”

नेमका तेव्हाच बाईंनी पेला अनास्तासियोपुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, फळ्यावरची नजर न काढता सावकाश संपवला. त्याच्याकडे बघत बाकीच्यांचेही हात खालीच राहिले.

त्याने पेला परत दिला. आभार मात्र मानले नाहीत.