हर्ट आणि हार्म

नर्सने बाईंचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि त्याला पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. मनगटाला काहीही झालं नव्हतं. पण इंग्रजी शब्द नुसते वाचून तिच्या डोक्यात शिरत नसत. हात चालू असले की आपसूक शिरत. परदेशातल्या नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती, म्हणून शिकवणीच्या बाईंनी आपलं धडधाकट शरीर तिच्या हवाली केलं होतं.

"चाकूने चिरलं तर वूंड. पडून मोडलं तर इंजुरी. दाढ ठणकली तर टूथएक," नर्स पुटपुटत होती.

दुपार पेंगुळली होती. पडद्यातून झिरपलेलं ऊन फरशीवर हलत होतं, आणि बाईंना वाटत होतं, आपण होडीत बसून एक हात पाण्यात सोडलाय. याला शिकवणी म्हणायचं की लाड, असं मनाशी म्हणून त्या हसल्या.

"हर्ट आणि हार्ममध्ये मात्र माझा घोळ होतो, बाई."

"अगं, हर्ट म्हणजे दुखणं. हार्म म्हणजे अपाय. दुखलं म्हणजे अपाय झालाच असं नाही. आणि अपाय कधीकधी दुखतसुद्धा नाही. एखादं उदाहरण दे बघू."

नर्सचा हात थांबला.

"मी जाईन ना, तेव्हा मुलगी झोपेत असतानाच निघणार आहे. सासूबाईंना सांगून ठेवलंय, उठल्यावर विचारलं तर आई ड्यूटीवर गेली म्हणा. उगाच रडारड नको. तिला हर्ट नको. बरोबर वापरला ना?"

शब्द अगदी बरोबर वापरला होता. तरी बाईंच्या तोंडून शाबासकी निघेना.

"माझी आई अशीच गेली होती," त्या म्हणाल्या. "कामासाठीच. मी झोपेत होते. नंतर मी रडलेही नाही. सगळे म्हणायचे, किती शहाणी पोर!"

"मग?"

"मग काय, ती परत आली. चांगली राहिली. पण घरात कुणी माझ्यानंतर जागं राहणार असेल, तर मला अजून झोप लागत नाही."

नर्सने पट्टी हळूहळू उलटी गुंडाळून घेतली. मग पर्स उचलून दारापाशी गेली.

"आजची रात्रपाळी बदलून घेते, बाई. मुलगी झोपायच्या आत घरी जाऊन तिला सगळं सांगायला हवं." चप्पल घालता घालता ती म्हणाली, "खूप रडेल हो ती."

"रडू दे," बाई म्हणाल्या. "तू समोर आहेस तोवर रडू दे."