डावी रिकीब

तिने घोड्याचा ओठ अंगठ्याने वर सारला आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. मधले दात पक्के होते, रुंद आणि पिवळट. कडेचा दुधाचा दात बोट लागताच हलला. घोड्याने मान झटकली, आणि दात तिच्या तळहातावर येऊन पडला.

"अरे वा! तेही भूल न देता," डॉक्टर म्हणाले. "फी किती घेता, ताई?"

ते स्वतः दातांचे डॉक्टर होते. मुलगी ड्रेसाज शिकत होती, स्वाराच्या नुसत्या अंगाच्या इशाऱ्यावर घोडा नेमकी पावलं टाकतो तो खेळ, आणि तिच्यासाठी त्यांना कोवळा घोडा हवा होता. पारख करायला त्यांनी हिला आणलं होतं. विकणाऱ्याला सगळा बाजार मामा म्हणत असे. "मामाकडे जाऊन आपलाच मामा होऊ नये, एवढं बघा," असं डॉक्टर गाडीत दोनदा म्हणाले होते.

त्यांनी दात तिच्या हातातून उचलून चष्म्याजवळ नेला. "मूळ पार विरघळलंय. वेळ झाली होती याची." आणि तो तिला परत दिला.

"साडेचार वर्षांचा आहे," ती म्हणाली. "मामा वय खरं सांगत होते."

"मी सगळंच खरं सांगतो, बाई. लोक निम्मंच ऐकतात."

तिने दात खिशात टाकला आणि पाय बघायला वाकली. नडग्यांवरून हात फिरवला, खूर उचलून कडा दाबून पाहिल्या, मग घोड्याला फरसबंदीवरून दौडायला लावून ती डोळे मिटून उभी राहिली. चारही टापा सारख्या वाजत होत्या.

वडिलांनी घालून दिलेला क्रम ती कधी मोडत नसे. वय किती, पाय कसे, शिकवला कुणी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वडील कुणाला तोंडी विचारत नसत. "वर बसा," म्हणत. "घोडा आपण होऊन सांगतो."

रिंगणाला वर पत्रा होता आणि एका बाजूने संध्याकाळचं ऊन आत येत होतं. ती बसली, लगाम सैल सोडला, घोड्याला चालतं केलं. पहिल्या फेरीतच तो तिरका चालू लागला. मागचे पाय आत, खांदा भिंतीकडे. तिने सरळ केलं. चार पावलं सरळ, पुन्हा तिरका. त्याचा डावा कान सारखा मागे वळत होता. तिच्या मागे आणखी कुणी बसलंय आणि ते काय म्हणतंय ते ऐकायचंय, असा.

"कच्चा आहे अजून," मामा कठड्यावरून म्हणाला. "माझ्याखालीही असाच चालतो. महिनाभर घासला की येईल वळणावर."

"मॅडमची परीक्षा घेतोय तो," डॉक्टर हसले.

ती हसली नाही. हा तिरकेपणा तिने पाहिला होता. घरच्या पागेत, एकामागून एक, दादाने शिकवलेल्या प्रत्येक घोड्यात.

दादाचा डावा पाय लहानपणी मोडला आणि बोटभर आखूड राहिला. तो उजवीकडे भार टाकून बसे, आणि त्याचे घोडे तोच भार सरळ मानून शिकत. वडिलांनी त्याच्या पाठीला काठी बांधली, डाव्या बुटाला जाड तळ लावून घेतला, भर रिंगणात, लोकांसमोर, रोज ओरडले, "सरळ बस!" सात वर्षांपूर्वी एका सकाळी दादाचा घोडा नदीपलीकडून एकटाच परत आला. खोगीर ओलं होतं. दादा सापडला नाही. काही दिवसांनी वडिलांनी शोध थांबवला आणि तो गेला असं धरून चालायला सांगितलं. त्या सकाळी तो जाड तळाचे बूट घरी ठेवून गेला होता, हे मात्र घरात कुणी कधी बोललं नाही.

ती खाली उतरली. खोगिराखाली हात घालून पाठ चाचपली. पाठीत काहीच नव्हतं. मग बराच वेळ ती डाव्या रिकिबीचा, पाय अडकवायच्या कडीचा, पट्टा धरून उभी राहिली. शेवटी तिने तो दोन भोकं आखूड केला.

कठड्यावर मामाचं बोलणं थांबलं.

ती पुन्हा वर बसली. डावा गुडघा वर आला, भार आपोआप उजवीकडे गेला. घोड्याने खोल श्वास सोडला आणि भिंतीच्या कडेने सरळ रेघ ओढावी तसा निघाला. मान गोल झाली, पाठ वर आली. दुडकीत तो इतका हलका झाला, की डॉक्टरांनी नकळत टाळी वाजवली. दोन्ही कान आता पुढे होते.

एकच गोष्ट राहिली होती. करू नये असं तिला वाटत होतं. स्पर्धेत घोड्याशी बोलायला बंदी, आणि वडिलांच्या रिंगणात तर हूं की चूं चालत नसे. म्हणून दादा ओठ मिटून, नाकातल्या नाकात, एक खालचा सूर धरी. तो शेजारून जाणाऱ्यालाही ऐकू येत नसे. फक्त घोड्याला, आणि त्याच्यापुढे बसून स्वारी शिकलेल्या धाकट्या बहिणीला.

रिंगणाच्या मधोमध तिने लगाम सोडून दिला आणि तो सूर धरला.

घोडा थांबला. चारही पाय चौकोनात, हलेना की डुलेना. उन्हात धूळ तेवढी खाली बसत होती.

घोडा साडेचार वर्षांचा, आणि दादाला जाऊन सात वर्षं. खिशावरून तिने तो दात चाचपला.

"घेतला!" डॉक्टर ओरडले. "मामा, बोला आता."

"नाही देता येणार," मामा म्हणाला.

"म्हणजे? अहो, तासभर तुम्हीच गळ्यात मारत होतात!"

"तुम्हाला दिला असता, डॉक्टर. या बाई बसेपर्यंत दिला असता." मामा रिंगणात आला. त्याने घोड्याचा लगाम धरला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "शिकवणाऱ्याने शब्द घेतलाय माझा. एखादी बाई येईल, म्हणाला, आणि न सांगता डावा पट्टा आखूड करील. तिच्या हाती हा घोडा जाऊ द्यायचा नाही. तिच्या घरी त्यालाही सरळ करतील, म्हणाला."

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघू लागले.

"कुठे आहे तो?" तिने विचारलं.

"गेल्या महिन्यात सोडून गेला. कुठे ते सांगितलं नाही. मुळात बोलायचाच कमी."

"लंगडतो?"

"थोडा."

ती उतरली. पट्टा पुन्हा दोन भोकं लांब करून दोन्ही रिकिबी सारख्या केल्या.

"परत आला तर एक सांगाल?"

"आला तर सांगीन."

"म्हणावं, बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आता सरळ बस म्हणणारं घरात कुणी नाही."

मामाने मान हलवली. घोडा आत नेताना त्याचा डावा कान पुन्हा मागे वळला.

घरी आली तेव्हा आई पायरीवर बसून बूट पुसत होती. आठवड्यातून एकदा, न चुकता, दोन जोड. हिचा आणि दादाचा. नेम म्हटला की नेम. ताप असला तरी आईचा तो चुकला नव्हता. पॉलिशचा वास दारापर्यंत येत होता.

"पाहिलास का घोडा?"

तिने दात आईच्या हातावर ठेवला. आईने तो फिरवून पाहिला. तिचाही जन्म पागेतच गेला होता.

"साडेचार," आई म्हणाली. "पाय?"

"चांगले आहेत."

"शिकवला कुणी?"

ती आईशेजारी टेकली आणि दादाचा डावा बूट मांडीवर घेतला. कातडं मऊ होतं, तळ वाळून चिरत चालला होता.

"याचा तळ बदलायला हवा," ती म्हणाली. "उद्या चांभाराकडे देऊन येते."

आईचा हात ब्रशवर तसाच राहिला. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने दात पॉलिशच्या डबीच्या झाकणात ठेवला, हरवू नये असा, आणि ब्रश पुन्हा चालू केला.

"दे," ती हळूच म्हणाली. "जाड नको म्हणावं या वेळी. साधाच लाव."